न उडालेल्या पाखरांचा दोरा

"गेली गं पाखरं, न सांगताच गेली!"

थंडी पडली की मास्तरांची आई खिडकीशी उभी राहून असं म्हणायची. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली. यंदा मात्र तो आवाज मास्तरांच्या कानात पुन्हा घुमला, कारण यंदा पाखरं गेलीच नाहीत. तळ्याच्या कडेला बर्फाची साय धरलेली, आणि पाखरं मजेत डुंबताहेत!

"मी अडवलंय त्यांना," तळ्याकाठी नुकतेच येऊन बसलेले एक महाराज मंतरलेला दोरा दाखवत गर्दीला सांगत होते. "पाखरू अडतं, तर माणूस का नाही अडणार? जाणाऱ्याच्या सामानाला हा दोरा बांधा, पाय उंबऱ्याला चिकटतील!"

"उलटा दोरा नाही का हो?" शिंपीणकाकूंनी विचारलं. "आमचे हे घरातून हलतच नाहीत!"

रांगेत नाकापर्यंत मफलर ओढून मास्तरही होते. तीस वर्षं पोरांना संप्रेरकं शिकवणारे मास्तर! एकुलती लेक पशुवैद्य झाली होती आणि सोमवारी लांबच्या शहरी नोकरीला निघणार होती. त्यांनी दोरा तिच्या बॅगेच्या तळाशी इतका हुशारीनं बांधला, की नंतर त्यांनाच सापडेना.

लेकीला मात्र लगेच सापडला. पहाटे ती त्यांना तळ्यावर घेऊन गेली. झुडपाआड महाराजांचा चेला पोत्यातून दाणे ओतत होता.

"अप्पा, ही पाखरं तारीख बघून जाणारी नव्हेत. खाणं आटलं की रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, जीव बेचैन होतो, मग निघतात. पोट भरलंय तर कशाला निघतील? कोणी शिकवलं मला हे?"

"एका गाढवानं," मास्तर म्हणाले.

त्या सकाळी त्यांनी गर्दीसमोर मफलर काढला. "फसलेल्यांत पहिला नंबर माझा. पाखरं झुडपाआडून चेला टाकतो त्या दाण्यांवर थांबलीत. ते दाणे बंद करा, आणि काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

लोकांनी पोती कुलपात टाकली. सोमवारी तळं रिकामं होतं.

"कोणीतरी शंका घेतली!" महाराज ओरडले.

"शंकेनं नाही हो, भुकेनं गेली," काकू म्हणाल्या.

"बाबांनो, यापुढे हात जोडण्याआधी झुडपामागे बघत जा," मास्तर म्हणाले. "मीही बघेन."

बसथांब्यावर लेकीनं बॅग उलटी केली. दोरा तसाच होता.

"अप्पा, काढू?"

मास्तरांनी घसा खाकरला. "तू जाऊ नयेस, असं वाटत होतं गं. अजूनही वाटतंय. तोंडानं सांगायची लाज वाटली, म्हणून दोऱ्याला सांगायला लावलं. आता सांगितलं. जा."