वाजणारा दगड

सुरतेतल्या नवागामच्या त्या गल्लीत दगाभाऊंइतका निरुपद्रवी माणूस दुसरा नव्हता, आणि असा माणूस एकदा बिघडला की फारच बिघडतो. उभा जन्म त्यांनी लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात काढला. ना विडी, ना पत्ते, ना गुटखा. शेवटी शेठने खातं विकलं, लूम भंगारात गेले, दगाभाऊ घरी बसले आणि मुलीने, जयश्रीने, आपला जुना मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यावर एक दिवस त्यांना एक दाढीवाला गोरा दिसला. मांडीवर कातडं घेऊन तो दगडावर दगड मारत होता, आणि बघता बघता त्या दगडाचं बाणाचं टोक झालं. दगाभाऊंनी ते परत पाहिलं. जेवण गार झालं तरी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हातोडी घेऊन घराबाहेर पडले.

"बान कोनले मारना शे?" शोभाबाईंनी रीतसर विचारलं. दगाभाऊंपाशी उत्तर होतं, पण बायकोला ते सांगायची लाज वाटत होती. आयुष्यभर त्यांनी कापड विणलं. पण ताका, म्हणजे विणलेल्या कापडाचा गठ्ठा, लूमवरून उतरला की टेम्पोत बसून पलसाण्याला रंगायला जायचा. पुढे त्याची कुठली साडी झाली, ती कोणी नेसली, काही पत्ता नाही. बाजारात एखादी साडी डोळ्यांत भरली की त्यांना वाटायचं, ही आपली तर नसेल? आता एक तरी वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातची, आपल्या डोळ्यांदेखत पुरी व्हावी, एवढंच त्यांना हवं होतं. तेवढं मात्र अगदी जीव तोडून हवं होतं.

पण सुरतेत कापूस, कापड, हिरे, काय हवं ते मिळतं. बाणाला लागतो तसा दगड मिळत नाही. रुळाकडेची खडी त्यांनी फोडून पाहिली, ती वेडीवाकडी फुटली. डिंडोलीत नव्या इमारतींच्या कामावरून फरशीचे तुकडे आणले, त्यांचा भुगा झाला. मग मोबाइलवरच कळलं की संडासाच्या चिनीमातीच्या भांड्यालाही फार सुंदर धार येते. एका बांधकामावर तडा गेलेलं नवंकोरं भांडं त्यांना मिळालं. ते डोक्यावर घेऊन दगाभाऊ भर दुपारी गल्लीतून चालत आले, आणि अख्खी गल्ली ओट्यावर येऊन उभी राहिली.

"कोरं शे! वापरेल नही!" ते दोन्ही बाजूंना सांगत होते. शोभाबाईंनी भांडं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही आणि नवऱ्यालाही नाही. बाहेरच बादलीभर पाण्याने अंघोळ घातली, तेव्हा कुठे दगाभाऊ घरात आले.

त्याच संध्याकाळी हुकूम सुटला. "आखाजीले जयश्री येई. तिना पोरंस्ना पायमा ह्या चिपा घुसन्यात ते? आखाजीना पहिले समदा दगड घरमाईन बाहेर. मंग बान व्हवो का नको व्हवो!"

खानदेशी घरात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशीण येणार म्हटल्यावर पुढे बोलायला जागाच उरत नाही. दगाभाऊंनी मान हलवली. आखाजी तोंडावर आली होती.

एक खरी गार, म्हणजे कठीण गारगोटी, हवी होती. ती तापीच्या पात्रात मिळेल अशी त्यांची खात्री होती. ओळखायची खूणही मोबाइलने सांगितली होती: दगडाला दगड मारावा, चांगला असेल तर काचेसारखा खणखणीत वाजतो, आत तडा असेल तर बद्द आवाज येतो. सोपं होतं. फक्त लूमच्या खडखडाटाने दगाभाऊंचे कान केव्हाच खाल्ले होते. त्यांच्यापुरता जगातला प्रत्येक दगड सारखाच मुका होता.

म्हणजे कान उसना आणायला हवा होता, आणि घरात कान एकच होता. शोभाबाईंना तयार करायला त्यांना सकाळचा चहा स्वतः करावा लागला, तोही दोनदा, कारण पहिल्यांदा साखर राहिली.

शोभाबाईंचा भाऊ हेमराज रिक्षा चालवायचा. तो दोघांना कामरेजच्या पलीकडे नदीवर घेऊन गेला आणि, "दाजी, नाद बेकार शे तुमना," एवढं बोलून रिक्षेत आडवा झाला. नदी उन्हाळ्याने एका अंगाला सरकली होती. काठभर गोटे पसरले होते. पिवळे, तांबडे, दुधाळ. दगाभाऊंना मिठाईच्या दुकानात शिरल्यासारखं झालं.

"देख, मी ठोकस," ते बायकोला म्हणाले. "तू फक्त सांग, वाजना का बद."

त्यांनी पहिला गोटा ठोकला. "बद," शोभाबाई म्हणाल्या. दगाभाऊंनी तो खांद्यावरून मागे भिरकावला. दुसरा ठोकला. "बद." तिसरा, चौथा, पाचवा. बद, बद, बद. एक गोटा रिक्षेच्या टपावर जाऊन पडला आणि हेमराज ओरडत उठला, तेही दगाभाऊंना ऐकू गेलं नाही. ऊन चढलं. डोक्यावर पदर ओढून शोभाबाई निवांत बसल्या होत्या आणि बद म्हणत होत्या. तापी नदीत एकही दगड धड निघू नये याचं दगाभाऊंना फार वाईट वाटायला लागलं.

मग त्यांनी मुठीएवढी एक मधाच्या रंगाची गार उचलली. एरवी ठोकून झाल्यावर ते बायकोच्या ओठांकडे बघत; ही ठोकतानाच त्यांचं लक्ष सहज तिच्या तोंडाकडे गेलं. शोभाबाईंच्या भुवया वर गेल्या. ओठ जरासे उघडे राहिले. देवळातली घंटा अचानक कानाशी वाजावी तसं झालं होतं त्यांना.

"बद," त्या म्हणाल्या.

लूमच्या खात्यात शब्द कोणालाच ऐकू येत नाही. तिथे जन्म काढलेला माणूस मास्तरच्या शिव्या ओठांवरून वाचतो, आणि पगार वाढणार की नाही हे शेठच्या कपाळावरून. दगाभाऊंनी गार खाली ठेवली.

"खोटं बोलनी तू! मना कान गयात, डोया शेतस अजून! सकायपाईन असंच करी ऱ्हायनी का?"

शोभाबाईंनी नदीकडे तोंड फिरवलं. दगाभाऊ उठून समोर जाऊन बसले, कारण तोंड दिसल्याशिवाय त्यांना भांडताही येत नव्हतं.

"हां, बोलनी खोटं!" शोभाबाई उसळल्या. "मनं तोंड दख्याशिवाय तुमले ऐकू येत नही. आनि तुम्ही तोंड दखतसच नहीत! दिनभर मान खाले, दगड, दगड, दगड. मी बोलस, आनि ते भीतले जास. मी आते कोनसंगे बोलू?"

 जयश्रीचं लग्न झाल्यापासून घरात दोघंच होती. खात्यातून आल्यावर ते रोज चुलीसमोर बसून बायकोचं तोंड बघायचे, आणि ती दिवसभराचं सगळं सांगायची. हे बोलणं कधी थांबलं ते त्यांना आठवेना. आपण घरात नुसता खडखडाट आणून ठेवला, असं त्यांना वाटलं.

शेवटी त्यांनी चाचरत विचारलं, "मंग... वाजेल किती व्हतात?"

शोभाबाईंना हसू आलं ते त्यांनी पदरात लपवलं. "तो तांबडा वाजना व्हता. तो बाभूयखाले गया. एक गुईगुईत, तो हेमराजनी रिक्षावर."

मग दोघांनी, आणि शिव्या देत हेमराजनेही, फेकलेले दगड शोधून गोळा केले.

घरी आल्यावर गारांनी आपापल्या परीने दगाभाऊंची परीक्षा पाहिली. तांबडीचे दोन तुकडे झाले. गुळगुळीत होती ती अंगठ्याचं कातडं घेऊन गेली. आखाजीच्या आदल्या दिवशी मधाच्या रंगाची तेवढी उरली, आणि ती मात्र खरोखर ऐकायला लागली. भंगारातल्या मोटारीच्या तांब्याच्या तारेने दगाभाऊ दाबून दाबून एकेक चिप काढत होते. पानासारखा आकार आला. कडा उन्हात धरली की पलीकडचा उजेड दिसायला लागला. आता फक्त टोक राहिलं होतं. असलं सुंदर काही आपल्या हातून होईल हे त्यांना खरं वाटत नव्हतं.

त्यांनी टोकावर तार टेकवली, श्वास रोखला आणि जोर लावला. तेवढ्यात दारात सावली पडली. शेजारच्या मंगलाबाईंकडून शोभाबाई परत आल्या होत्या आणि चपला काढता काढताच बोलत होत्या. त्यांचे हात हवेत चालले होते ते दगाभाऊंना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. हात दाबलेला असताना मान वर करायची नसते. दगाभाऊंनी मान वर केली.

तुटल्याचा आवाज त्यांना आला नाही. बोटांना कळलं, आणि बायकोच्या चेहऱ्यावर दिसलं.

"तुटनं?" शोभाबाई दारातच थांबल्या. "हाय रे देवा! मी कसाले बोलनी!"

दगाभाऊंनी मूठ मिटली. क्षणभर त्यांना रडू येईल असं वाटलं. उद्या जयश्री येणार होती, आणि दुसरी गार नव्हती. त्यांनी मूठ तशीच मांडीवर ठेवली, जागेवरून जरा सरकले आणि बायकोला समोर बसायला जागा केली.

"मंग?" तिच्या तोंडाकडे बघत ते म्हणाले. "काय बोलनी मंगलाबाई?"

शोभाबाई बसल्या, आणि त्यांनी अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.