पायऱ्या चढणारा वीर

तळघराच्या तोंडाशी नुसती झुंबड उडाली होती. खाली सात दगडी पायऱ्या, प्रत्येक पायरीवर पेटती मेणबत्ती. उठावाच्या काळात क्रांतिवीर याच तळघरात दोन महिने लपून राहिला होता. वर त्याचं टेबल, चष्मा, दौत, सगळं जसंच्या तसं जपलेलं. पण ते बघायला आता कोणी थांबत नसे. घराचा रखवालदार वर्षभरात ‘बाबा’ झाला होता.

“वीर अजून इथंच आहेत!” बाबा गरजला. “ते पायऱ्या चढतात. ज्योत विझली की समजा, पाऊल पडलं. तिसरं पाऊल पडलं की रोगी खडखडीत बरा!”

खाली चटईवर सहा वर्षांची छकुली झोपवलेली होती. तिला फिट यायच्या. तिची मावशी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. निरोप मिळताच ती धावत आली होती.

“ताई, गोळ्या देतेस ना तिला?” तिनं छकुलीच्या आईला विचारलं.

“आठवडा झाला बंद करून. बाबा म्हणाले, गोळ्या आणि वीर एका घरात नांदत नाहीत.”

“अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“तू गप्प बस. तुमच्या औषधांनी काय दिवे लावले आजवर?”

तेवढ्यात तळाची मेणबत्ती विझली. वाऱ्याची झुळूकही नव्हती.

“पहिलं पाऊल!”

गर्दी शहारली. मग दुसरी विझली. वरच्या पाच मात्र शांत जळत होत्या.

मावशीच्या ध्यानात आलं. हे पाऊल नव्हतं, ही पातळी होती. टाकी भरावी तसं काहीतरी खोलीत चढत होतं. आजवरचे रोगी स्टुलावर बसायचे, त्यांची डोकी वर राहायची. आज पहिल्यांदाच कोणी जमिनीवर आडवं झालं होतं.

“छकुले!”

उत्तर आलं नाही. मावशी पायऱ्यांकडे झेपावली.

“अडवा तिला! वीरांचा कोप होईल!” बाबा ओरडला.

छातीभर श्वास घेऊन, तो तसाच रोखून ती खाली उतरली. पोरीला उचलून अंगणात आणलं. ओठ निळसर पडले होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग छकुली खोकली आणि तिनं भोकाड पसरलं. ताईनं तिला छातीशी घट्ट धरलं.

खाली चटईजवळ मावशीला भिंतीतून आलेलं नळीचं तोंड दिसलं होतं. तिनं घराच्या मागच्या खोलीचं दार ढकललं. पिंपात ॲसिड आणि संगमरवराचे तुकडे फसफसत होते. झाकणातून निघालेली रबरी नळी भिंतीतून तळघरात गेली होती.

“हा कार्बन डायऑक्साइड,” तळघराच्या तोंडाशी परत येऊन ती लोकांना म्हणाली. “सोडावॉटरच्या बाटलीत असतो तोच. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. ज्योत विझवतो. माणूससुद्धा.”

“साफ खोटं! ते वीरांचं...”

“मग तुम्ही झोपा ना त्या चटईवर. तिसरी विझेपर्यंत.”

सगळे बघत असतानाच तिसरी मेणबत्ती विझली. बाबा दोन पावलं मागं सरला.

“ताई, गोळ्या आजपासून सुरू,” मावशी म्हणाली. मग गर्दीकडे वळली. “त्या माणसाला इथं लपावं लागलं, कारण त्यानं राज्य करणाऱ्यांना प्रश्न विचारले. त्याच्या घरात येताना तुम्हीही निदान एक प्रश्न आणा: हे होतं कसं? आणि उत्तर मिळेपर्यंत आपलं लेकरू कुणाच्या चटईवर ठेवू नका.”