वडिलांच्या पिशवीतला निळा दगड

साहेबांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या, दगडी खल पुढ्यात ओढला आणि बत्ता असा काही चालवायला घेतला की टेबलावरचे ब्रश उड्या मारू लागले. सभागृहात चाळीसेक माणसं बसली होती. हसू सगळ्यांनाच येत होतं, पण साहेब ग्रंथालयाचे संचालक पडले, तेव्हा जो तो ओठ दाबून बसला.

भिंतीपाशी उभ्या असलेल्या ग्रंथपालबाईंचं मात्र कशातच लक्ष नव्हतं. तीन दिवसांचा हा कार्यक्रम त्यांनीच आखला होता: पहिल्या दिवशी तिबेटी कला, दुसऱ्या दिवशी संस्कृती, तिसऱ्या दिवशी राजकारण. म्हातारे तिबेटी चित्रकार इतका लांबचा प्रवास करून आले ते या तिसऱ्या दिवसासाठी. "चित्रं मी घरी बसूनही काढतो, बाई. बोलायला कुणी बोलवत नाही," असं ते फोनवर म्हणाले होते, आणि बाईंनी शब्द दिला होता. काल संध्याकाळी साहेबांनी तिसऱ्या दिवसाच्या विषयावर काट मारली.

"रंगबिंग दाखवा हवे तेवढे. राजकारण नको. नसती झेंगटं कोण निस्तरणार?"

बाईंनी सकाळी खाली मान घालून चित्रकारांना हे सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बरं. रंग तर रंग." भांडले असते तरी परवडलं असतं. बाईंना दुपारचा डबाही गोड लागला नाही.

साहेबांचं वेगळंच चाललं होतं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं डोकावतो म्हणून आले ते दोन तास हलले नाहीत. काल ब्रश हातात घेतला. आज तर पहिल्याच रांगेत ठाण मांडलं, आणि निळा दगड कोण घोटणार असं चित्रकारांनी विचारताच शाळकरी पोरासारखा हात वर केला.

"हळू, साहेब," चित्रकार म्हणाले. "हा दगड आजारी माणसासारखा घोटायचा."

"मी काय आजारी दिसतो?" म्हणत साहेबांनी आणखी जोर लावला.

आता मात्र सगळे मोकळेपणी हसले. पण बत्ता थांबला तेव्हा खलातला गर्द निळा रंग शंभरदा धुतलेल्या शर्टासारखा फिका झाला होता. जितका बारीक, तितका फिका.

"अरेच्चा!" साहेब ओशाळले. "चुकलंच. दुसरा दगड द्या बघू."

"दुसरा नाही. वडिलांच्या पिशवीतला हा शेवटचा."

साहेबांचा चेहरा पडला. चित्रकारांनीच त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"वाया नाही गेला. आभाळाच्या कडेला फिकाच लागतो."

"ते असू द्या. आपण नवा मागवू. बाई, मागणीपत्र करा, मी आत्ता सही करतो. कुठे मिळतो हा?"

"आमच्या डोंगरात," चित्रकार म्हणाले.

"मग तुम्हीच जाऊन निवडून आणा की. प्रवासाचं आम्ही बघतो."

"मला तिकडे जाता येत नाही, साहेब."

"का बरं?"

चित्रकारांनी बाईंकडे पाहिलं. बाई भिंतीपासून पुढे आल्या.

"साहेबच विचारताहेत," त्या म्हणाल्या. "सांगा आता."

"गोष्ट लांबलचक आहे," चित्रकार म्हणाले. "तासभर सहज जाईल."

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आपण काय विचारून बसलो ते त्यांच्याही ध्यानात आलं होतं. त्यांनी निळी झालेली बोटं पाहिली, मागे वळून माणसं पाहिली. एकही जण उठायला तयार नव्हता. मग त्यांनी आपली खुर्ची उचलून चित्रकारांच्या अगदी समोर आणून ठेवली.

"सांगा," ते बसत म्हणाले. "राजकारण मात्र नको हं. जे घडलं, तेवढंच सांगा."

"तेवढंच सांगतो," चित्रकार म्हणाले, आणि मनापासून हसले.