खोडलेले उत्तर

मी एक जुनी, झिजून बोटभर उरलेली लाल पेन्सिल आहे. मित्रांनो, माझी हकिगत अभिमानाने सांगण्यासारखी नाही. तरी सांगते.

माझ्यासारख्या हजारो जणी एकाच दिवशी कारखान्यात तयार झाल्या. मी एका छापखान्यातल्या मुद्रितशोधकाच्या हाती पडले. छपाईआधीच्या कच्च्या पानांवरच्या, म्हणजे प्रुफांवरच्या चुका तो माझ्या टोकाने दाखवी. त्याच्या समोर बसून, वाचून दाखवण्याच्या कामावर असलेल्या मावशी लेखकाचे हस्तलिखित मोठ्याने वाचत, स्वल्पविरामासकट. "याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही," असे मालक म्हणत, तेव्हा मीही फुशारत असे.

काम सुरू करण्यापूर्वी मावशी मिनिटभर डोळे मिटत. मुद्रितशोधक हसे.

"झालं का वरच्या साहेबांशी बोलणं? माझी रजा तेवढी मंजूर करून घ्या."

"तुमचा अर्ज तुम्हीच करा, भाऊ," असे म्हणून मावशी पान उलटत.

एकदा एका निवृत्त डॉक्टरांची कादंबरी आली. तिच्यात देव न मानणारा एक डॉक्टर होता आणि एक श्रद्धाळू परिचारिका. ज्या रुग्णासाठी ती रोज प्रार्थना करते, तो दगावतो. डॉक्टर विचारतो, तुझ्या देवाने ऐकलं का? ती म्हणते, "ते मला नाही माहीत. पण प्रार्थनेच्या निमित्ताने मी त्याच्याजवळ बसले. तो एकटा गेला नाही." दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरही रुग्णांजवळ बसू लागतो.

हे वाचताना मावशींचा आवाज जड झाला. मुद्रितशोधक चिडला. "शेवटी या डॉक्टरलाही देवाच्या नादी लावलंच," असे पुटपुटत त्याने परिचारिकेचे उत्तर खोडले, माझ्याच टोकाने. चूक दाखवावी, मजकुराला हात लावू नये, हा आमच्या कामाचा पहिला नियम. त्या क्षणी मी मोडले असते तर बरे झाले असते. मोडले नाही.

पुढची प्रुफे हस्तलिखिताशी नव्हे, आमच्याच खुणांशी ताडून पाहिली गेली, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. पुस्तक बाजारात गेले आणि लेखक डॉक्टर हस्तलिखित घेऊन छापखान्यात आले.

"परिचारिकेचं हे उत्तर मला खरोखर मिळालं होतं," ते म्हणाले. "ते नसेल, तर माझा माणूस बदलतो कशाने?"

प्रुफे रद्दीत गेली होती. मालकांनी आपला अंदाज बांधला.

"मावशी, वाचताना तुमच्याकडून सुटलं. सोमवारपासून येऊ नका."

मावशींनी मुद्रितशोधकाकडे एकदा पाहिले आणि डबा पिशवीत भरला. मी त्याच्या खिशात होते. त्याने मान खाली घालून पुढचे प्रूफ ओढले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

जिन्यात त्याने मावशींना गाठले.

"तुम्ही वाचलं होतंत ना ते?"

"वाचलं की. एकही शब्द न सोडता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं, भाऊ. अजूनही वाटतंय."

तो परत वर गेला आणि मालक व डॉक्टर या दोघांपुढे त्याने सगळे कबूल केले. मावशींचे काम राहिले, त्याचे गेले. निघताना त्याने मला मावशींच्या पुढ्यात ठेवले. तो देव मानू लागला की नाही, मला माहीत नाही. मावशींनी कधी विचारले नाही.

उरलेल्या प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली गेली. विकल्या गेलेल्या साठ प्रतींत मात्र तो डॉक्टर आजही उगाचच बदलतो. मित्रांनो, दुसऱ्याने मनापासून लिहिलेले तुमच्या हाती आले, तर पटो न पटो, ते जपा. मला त्या साठ वाचकांची क्षमा मागायची आहे. पण आपल्याकडून काय काढून घेतले, हेच त्यांना ठाऊक नाही.