लाल टोपी

"परवीन, सांग त्याला, नळी खालीच सोडायची. अब्बांनी सोडली होती तशी."

जहीर हे बायकोला सांगत होता, आणि ज्याला सांगायचं तो धाकटा भाऊ तौफिक हातभर अंतरावर पाना घेऊन उभा होता. कासारवाडीच्या त्या गॅरेजात बरीच वर्षं असंच चाललं होतं. अब्बा गेल्यावर तौफिक गॅरेज सोडून चाकणच्या एका कंपनीत इंजिनाच्या लाइनवर लागला. कंपनीनं कमी केल्यावर मुकाट परत आला. जहीरनं त्याला जागा दिली, पण बोलणं टाकलं ते टाकलंच.

"भाभी, त्यांना म्हणावं, धूर आत येतो. अम्मीला दम लागतो."

"दोघांनाही कान आहेत," परवीन म्हणाली आणि चहाचे कप उचलून घरात गेली.

गाडी अब्बांची जुनी टॅक्सी. सादिकाअम्मीला तिच्यातून एकदा चाकणला बहिणीकडे जायचं होतं. गुडघे गेले होते, छाती भरत होती, पुढच्या वर्षाचा तिला भरवसा नव्हता. म्हणून दोघांनी इंजिन खोलून नव्यानं बांधलं, तेही एकमेकांचं तोंड न बघता. उरला तो ब्रीदर. इंजिन चालताना थोडा वायू पिस्टनच्या कडेनं खाली, तेलाच्या चेंबरमध्ये उतरतोच. त्याला बाहेर जायची वाट म्हणजे ही नळी. ती बंद झाली, की वायू सील फोडून तेलासकट बाहेर पडतो.

शेवटी तौफिकनं नळी खाली नकोच हा हट्ट सोडला. नळी लांब केली आणि गाडीखालून पार मागे नेऊन सोडली. जहीरला ते पटलं, म्हणून त्याला आणखीच राग आला.

संध्याकाळी तेल कुठं गळतंय का बघायला जहीर गाडीखाली शिरला. नळीच्या तोंडावर प्लॅस्टिकची लाल टोपी घट्ट बसवलेली. ही कंपनीची सवय. शिफ्ट संपताना उघडं तोंड दिसलं की टोपी घालायची, कचरा जाऊ नये म्हणून. काढायचं काम पुढच्या शिफ्टवाल्याचं. जहीरनं टोपीला हात लावला आणि तसाच मागे घेतला. उद्या आपल्यासमोर सुरू करेल, तेल ओकेल, मग बघू या कंपनीवाल्याचं तोंड. या विचारानं त्याला फार बरं वाटलं.

सकाळी तो गॅरेजात आला तर गाडी नव्हती.

"ऊन व्हायच्या आत जातो म्हणाला," परवीन म्हणाली. "अम्मीनं नवी ओढणी घेतलीय. मावशीला फोन करून रस्त्यावर उभी राहा म्हणून सांगितलं."

जहीरनं खिशातून फोन काढला. तौफिकचा नंबर त्याच्याकडे नव्हता. परवीनकडे मागायचा, तर टोपी आपण पाहिली होती हे सांगावं लागणार. त्यानं फोन खिशात ठेवला आणि उगाच पाने पुसत बसला. स्वतःची त्याला किळस आली, तरी तो उठला नाही.

दुपारी रिक्षातून अम्मी उतरली. मोशीच्या पुढे सील फुटलं होतं. तापलेल्या सायलेन्सरवर तेल पडून गाडीत धूर कोंडला होता. ओढणीवर काळे डाग, डोळे लाल. बहीण रस्त्यावर वाट बघत उभीच राहिली.

"विकून टाका ती गाडी," खोकला थांबल्यावर अम्मी म्हणाली. "मला नाही बसायचं आता."

गाडी रस्त्याकडेला सोडून तिच्यासोबत आलेला तौफिक सरळ जहीरसमोर आला. मध्ये परवीन नव्हती.

"भाई, माझी चूक. नळीला टोपी राहिली. कंपनीत पुढचा माणूस काढतो. इथं कोण काढणार? मीच बघायला हवं होतं. तुमचं काम चोख होतं. माफ करा."

टोपी मीही पाहिली होती, हे जहीरच्या ओठांवर आलं. एवढ्यात आतून अम्मीचा आवाज आला.

"परवीन, ऐकलंस? बोलला गं भावाशी. बाई, बोलला एकदाचा." ती रडत होती, खोकत होती आणि हसतही होती. "गाडी गेली तर जाऊ दे."

"बस," जहीर तौफिकला म्हणाला. "चहा घे."

तौफिक बसला. परवीननं दोन कप आणून ठेवले. तौफिकनं त्यातला एक उचलून आधी मोठ्या भावाला दिला, आणि जहीरनं तो घेतला.