वलांडीवर वाळलेलं साउंड कार्ड

मी समुद्रकाठच्या नवापूरच्या एका मच्छीमाराच्या घरातला कॉम्प्युटर बोलतोय. कॉम्प्युटर मी स्वतःला म्हणतो. बोईसरचा शिवाजी मला खोका म्हणतो आणि या घरची जमनाबाई डबा.

माझा जन्म काही मोठ्या कारखान्यातला नाही. स्टेशनजवळच्या गाळ्यात याच शिवाजीने चार ठिकाणचे भाग गोळा करून मला उभं केलं, तेही दोन स्क्रू हातात शिल्लक ठेवून. साल शहाण्णव. शिवाजीबद्दल मला आदर का नाही, हे यातच आलं.

मला घरी आणलं जमनाबाईच्या थोरल्या मुलाने, कमलाकांतने. तारापूर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. माणूस सरळ, पण नवी वस्तू दिसली की हाताला खाज. जॉयस्टिक आणली, तिची दांडी तिसऱ्या दिवशी लुळी पडली. कागदावरून हाताने फिरवायचा स्कॅनर आणला, त्याने जमनाबाईच्या फोटोला दोन नाकं काढली. मासिकांबरोबर फुकट मिळणाऱ्या सीडींवरची सॉफ्टवेअरं तर तो माझ्या घशात कोंबायचाच. एक कुंडली मांडायचं, एक घराचे नकाशे काढायचं. घर दोन खोल्यांचं, नकाशा कसला काढता? काय लिहिलंय ते न वाचता कमलाकांत 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत सुटायचा, आणि तीस दिवसांची मुदत संपली की ती सॉफ्टवेअरं तोंड फिरवून बसायची. असल्या पाहुण्यांना मी कधी भाव दिला नाही.

धाकटा नवशा मला त्यातल्या त्यात बरा वाटायचा, कारण तो माझ्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. चौथीत शाळा सोडून होडीवर गेलेला. डोकं तापायला वेळ लागत नाही, आणि थोरल्या भावावर जीव असूनही तोंड सतत वाकडं.

एका रविवारी कमलाकांतने साउंड कार्ड बसवलं आणि एक माइक लावला. इतका फडतूस माइक मी पाहिला नव्हता. माझ्याच पंख्याची घरघर त्यात माणसापेक्षा मोठी यायची.

"ए नवशा, बोल यात कायतरी."

"मी नाय बोलत. डब्याशी बोलायला मला याड लागलंय काय?"

"नुसतं नाव तरी सांग तुजं."

"तूच सांग. तुला काम नाय, मला जाळी हायेत."

कमलाकांत हसला आणि तेवढ्यावरच बटण बंद केलं. ते बोलणं त्याने माझ्यात ठेवलं. नवशाला इंग्रजी अक्षरं लागत नाहीत, म्हणून चित्रं काढायच्या कुठल्याशा फुकट्या सॉफ्टवेअरात बसून एक पापलेट काढलं आणि त्या आवाजावर चिकटवलं. पापलेट कसलं, चप्पलच ती. "यावर दोनदा दाब, तुजा आवाज येल," असं त्याने नवशाला सांगितलं. नवशाने ढुंकूनही पाहिलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात कमलाकांतला कावीळ झाली आणि दहा दिवसांत तो गेला. जमनाबाईने मला प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधलं. तिला वाटलं असेल, जपते आहे. खाऱ्या दमट हवेत प्लॅस्टिक बांधणं म्हणजे जिवंतपणी खारवणं, हे सुकी मासळी करणाऱ्या बाईला कळू नये?

पाऊस सरल्यावर नवशाने गाठी सोडल्या आणि मला सुरू केलं. पापलेट शोधलं, दोनदा दाबलं. स्पीकरमधून नुसती खरखर आली. त्याने माझ्या डोक्यावर दोन थपडा मारल्या. होडीचं इंजिन असं सुरू होत असेल.

दुसऱ्या दिवशी त्याने मला रिक्षात मांडीवर घेऊन बोईसरला नेलं. शिवाजीने झाकणही उघडलं नाही.

"विंडोज बिघडलंय. फॉरमॅट मारतो."

"म्हंजे काय?"

"धुऊन साफ. एकदम नव्यासारखा."

नवशा खूश झाला. दरवर्षी होडी ओढून, तळ खरवडून तेल पाजतात, तसंच काही त्याला वाटलं. "मग कर की," म्हणाला. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता, पण कॉम्प्युटरला ओरडता येत नाही.

बोट बटणावर ठेवून शिवाजी म्हणाला, "आत काय कामाचं असलं तर आत्ताच सांग. नंतर राहणार नाय."

"दादाचा आवाज हाय."

"मग तो जाणार. आवाजासाठी कोण कॉम्प्युटर ठेवतं? दोन गेम टाकून देतो, जा."

नवशाने भिंतीतून वायरच उपटली. त्याच्या हाताची मूठ वळली होती. शिवाजी मागे सरकला, हे पाहून मला बरं वाटलं.

घरी येऊन त्याने माझं झाकण काढलं. मिठाने काय केलंय ते शिवाजीला दिसलं नव्हतं, या अडाण्याला एका नजरेत दिसलं. साउंड कार्डाचे दात हिरवे पडले होते. त्याने कार्ड उपटलं, इंजिनाचा भाग धुवावा तसं विहिरीच्या गोड्या पाण्यात धुतलं, नारळाच्या सोडणाने अलगद घासलं आणि अंगणात मासळी वाळवायच्या वलांडीच्या बांबूवर बोंबलांच्या रांगेत टांगलं. माझ्या पोटातला भाग बोंबलांच्या पंगतीला. दोन दिवस जमनाबाई त्यावरचे कावळे हाकत होती.

"याला आंबाडीत घालून शिजवू काय रे?" तिने विचारलं. भाऊ गेल्यापासून नवशा पहिल्यांदा हसला, आणि पुढच्या क्षणी तोंड फिरवून तिथेच बसला.

माइकची मला जोडायची पिन मात्र गंजून गेली होती. ती त्याने सुरीने कापून टाकली.

तिसऱ्या दिवशी कार्ड बसलं. बोंबलाच्या वासासकट. पापलेटवर दोनदा. घरघर, आणि मग कमलाकांत: ए नवशा, बोल यात कायतरी. जमनाबाई दाराला धरून उभी राहिली. शेवटचं हसू संपल्यावर नवशाने तो पिन नसलेला माइक उचलून तोंडाजवळ धरला.

"नवशा," तो म्हणाला. "नवशा नाव माजं, दादा."

पिन कुणी कापली, हे त्याला माहीत होतं. तरी होडीवरून आल्यावर रोज तो हेच करतो. आज बोंबील किती लागले, इंजिन कुठे अडलं, सगळं सांगतो. जोडलेल्या माइकला जो माणूस नाव सांगत नव्हता, तो तुटलेल्याशी तासभर बोलतो. माणसांबद्दल माझं मत चांगलं नव्हतंच.

परवा शिवाजी दारात येऊन गेला. नवं विंडोज आलंय, जुनं सगळं पुसून टाकून बघू म्हणत होता. तो पुन्हा आला तर त्याला वाटेतूनच परतवा. माझी डिस्क निम्मी रिकामी आहे. तरी सांगा, जागा नाही.