अक्काचं म्हैसूरचं पोलकं

कोल्हापूरची तऱ्हाच न्यारी. गावात सिनेमा लागायचा अवकाश, आठवड्याभरात नायिकेची बाही मंगळवार पेठेतल्या यच्चयावत दंडांवर चढलेली असायची. मुलींच्या शाळेत शिकवणारी सरोजिनीही त्यातलीच. मागच्या शारदोत्सवात ती अशीच नवं पोलकं मिरवत गेली आणि बघते तर काय, सतरंजीवर तसलीच पोलकी ओळीनं बसलेली. शाळेचा गणवेश आहे काय गं, असं कुणीतरी विचारलं, आणि बिचारी प्रसाद न घेताच घरी आली.

यंदा तर भगिनी मंडळानं तिला एकटीला गायला बसवायचं ठरवलं होतं. चारचौघींपुढं पहिल्यांदाच. गळा चांगला होता, धास्ती गळ्याची नव्हतीच. समोरच्या बायकांना आपण सरोजिनी दिसावं, दुसऱ्या कुणाची नक्कल दिसू नये, एवढंच तिला हवं होतं. पुन्हा हसं झालं असतं तर तोंडातून सूर फुटला नसता, आणि परत कधी गायला बसायची हिंमतही झाली नसती.

अशा घालमेलीत एका दुपारी तिची नजर बैठकीतल्या तैलचित्रावर गेली. तसं ते जन्मापासून डोळ्यांसमोर होतं, पण बघितलं त्या दिवशी. चित्र अक्काचं, म्हणजे तिच्या आत्याचं. नवरा अकाली गेल्यावर अक्का गावातलंच सासर सोडून भावाकडं राहायला आली ती कायमची. येताना फोनो, तबकड्यांची पेटी आणि हे चित्र घेऊन आली. सरोजिनीला गाण्याचं वेड लागलं ते त्या तबकड्यांपायी. चित्रातली अक्का विशीची. डाळिंबी पातळ, फुग्याच्या लांब बाहीचं पोलकं, मनगटाला लेस, खांद्यावर मोराचा ब्रूच, आणि मान अशी ताठ की बघणाऱ्यानंच डोळे खाली घालावेत. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दसऱ्याला म्हैसूरला गेलो होतो, तिथं यांनी हे पोलकं हौसेनं घेऊन दिलं, असं अक्का सांगायची. राजाचे हत्ती, दिव्यांनी उजळलेला वाडा, सगळं इतकं रंगवून सांगायची की घरातली पोरं जेवण विसरायची.

असलंच पोलकं शिवायचं, सरोजिनीनं ठरवून टाकलं. अक्का हरखून जाईल असं तिला वाटलं होतं. पण अक्कानं एकेक खुसपट काढायला सुरुवात केली. रंग तुला उठून दिसायचा नाही. असली लेस आता मिळत नाही. जुनं ते जुनं, लोक हसतील. सरोजिनीला मनातून लागलं. एवढी जीव लावणारी अक्का आणि एका पोलक्यासाठी हात आखडता घेते? पण तीही अक्काचीच भाची. पेठ वडगावच्या बाजारातून लेस आणवली आणि आकाराम शिंप्याला चित्र बघायला घरी बोलावलं.

आकारामनं मान वाकडी करून चित्र न्याहाळलं आणि म्हणाला, असल्या बाहीचा कट कुठंतरी बघितलाय की. अक्कानं घाईघाईनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि विषय बदलला.

पोलकं मात्र झकास झालं. तशाच मोराचा ब्रूच सराफकट्ट्यावर मिळाला. शारदोत्सवाला सरोजिनी तंबोरा घेऊन बैठकीवर बसली तेव्हा सगळ्या बायका गप्प झाल्या, आणि तिला वाटलं, जमलं.

पुढच्या रांगेत गुळाच्या अडत्याची झुंबरबाई बसली होती. तिचं कुजबुजणं म्हणजे दुसऱ्याचं ओरडणं. "अगं बया, ह्ये तर माझं पोलकं हाय की," ती म्हणाली. "आमच्या सोप्यात माझं चित्र लावलंय फ्रेमीत. ह्योच मोर, हीच लेस."

मागून आणखी एकीनं सांगितलं, आमच्या सासूबाईंच्या तसबिरीतही हेच. मग तिसरी बोलली. आणि सगळा उलगडा झुंबरबाईनंच केला. त्या काळी पेठेतल्या चित्रकाराकडं खुंटीला एकच पातळ, एकच पोलकं आणि एकच ब्रूच असायचा. गावातली जी सून चित्र काढून घ्यायला जाईल, तिला तेच चढवायचे. खसखस पिकली. सरोजिनीचे हात तारांवरच राहिले. तिनं अक्काकडं बघितलं.

अक्का भिंतीशी बसली होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"पोलकं चित्रकाराचंच," ती म्हणाली. "मला ढगळ होत होतं, पाठीमागून टाचण्या मारल्या होत्या. म्हैसूर मी बघितलंसुद्धा नाही. हे न्यायचं म्हणत होते, ते राहून गेलं." मग सरोजिनीकडं वळून म्हणाली, "पण बायकांनो, घरी जाऊन आपापल्या तसबिरी बघा. चित्रकार सगळ्यांना मान खाली घालायला सांगायचा. मी नाही घातली. तेवढं माझं होतं. गा आता."

सरोजिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान आपोआप वर गेली. भीमपलास असा लागला की झुंबरबाईसुद्धा गप्प बसली. उठताना मात्र म्हणाली, "पोलकं माझं, पर पोरगी अक्काचीच."

पुढच्या दसऱ्याला सरोजिनी अक्काला घेऊन म्हैसूरला गेली. अक्कानं हत्ती बघितले, वाडा बघितला, आणि मी सांगायची त्यापेक्षा दिवे कमीच आहेत, असंही ऐकवलं. परतायच्या दिवशी दोघी फोटो काढायला एका स्टुडिओत शिरल्या. फोटोवाल्यानं अक्काच्या साध्या तपकिरी लुगड्याकडं बघितलं आणि खुंटीवरची जरीची शाल काढून तिच्या खांद्यावर टाकायला आला.

अक्कानं हातानंच त्याला थांबवलं. "बेडा," ती म्हणाली. कानडीतला तेवढा नकार कोल्हापुरात सगळ्यांनाच येतो. मग पदर सारखा करून ती खुर्चीवर बसली आणि मान वर केली.